आठशे पाहुण्यांना किती वाजवणारे?

तुळशीचं लग्न झालं की माझा फोन सुरू होतो. बेळगावातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये मी वीस-बावीस वर्षं कीबोर्ड वाजवला. आता बोटं आखडली, म्हणून बहुतेक वेळ साऊंडच्या मिक्सरमागं बसलेला असतो. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, पाहुणे आठशे होतात, बँड कितीचा सांगू?" आचाऱ्याला हा हिशेब बरोबर लागू पडतो. माणसं वाढली की तांदूळ वाढतो. वाजवणाऱ्यांचं तसं नाही. आठशे पाहुण्यांच्या लग्नाला तिघे पुरलेले मी पाहिलेत, आणि दीडशे पाहुण्यांच्या रिसेप्शनला सातजण कमी पडलेलेही पाहिलेत.

आधी 'बँड' म्हणजे काय, हे घरात एकमेकांना विचारून घ्या. आजोबांच्या डोळ्यांपुढं लाल कोटातला ब्रास बँड असतो. नवरीला स्टेजवर गाणारा लाईव्ह बँड हवा असतो. गल्लीतल्या पोरांच्या मते बेंजोशिवाय, म्हणजे गाडीवर स्पीकर लावून वाजणाऱ्या संचाशिवाय, लग्न होतच नाही. शहापुरातल्या एका घरी तिघांनी तीन ठिकाणी इसार देऊन ठेवला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, बँडचं काम झालं.

लग्नात वाजवण्याची कामंही तीन, आणि तिन्ही वेगळी. पाहुणे येताना आणि अक्षतेच्या वेळी वाजतं ते शुभकार्याचं वाजणं. जेवणाच्या पंगती चालू असताना वाजतं ते गप्पांच्या मागचं वाजणं. वरातीत किंवा संध्याकाळच्या रिसेप्शनला वाजतं ते नाचायचं वाजणं. किती माणसं लागणार ते कामावरून ठरतं, मग जागेवरून. पाहुण्यांचा आकडा तिसरा येतो, आणि तोही वेगळ्याच कारणानं. ते पुढं सांगतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. खानापूर तालुक्यातलं एक लग्न होतं. पाहुणे हजारभर, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, कार्यालय नवंकोरं: खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर पत्रा. यजमानांनी विचारलं आणि मीच तोंड वर करून सांगितलं, हजार माणसं म्हणजे अकराजणांचा संच पाहिजे. दोन ट्रम्पेट, खराखुरा ड्रमसेट, कोंगो, सगळं नेलं. तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतली एक आजी उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाळ, आवाज लई मोठा येऊलालाय, खरं शब्द एक कळंना." त्या दिवशी अकरापैकी पाचजणांना खाली बसवलं, तेव्हा कुठं गाणं ऐकू यायला लागलं. मानधन मात्र अकरांचं गेलं.

आजीच्या तक्रारीत या विषयाचं जवळजवळ सगळं शास्त्र आहे. ते जरा उलगडून बघू.

आवाज मोजतात डेसिबलमध्ये, आणि डेसिबलची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. एका ट्रम्पेटचा आवाज तुमच्या खुर्चीपर्यंत ८० डेसिबल पोचत असेल, तर तसाच दुसरा वाजवणारा शेजारी उभा केल्यावर १६० होत नाही, फक्त ८३ होतो. चार झाले तर ८६, आठ झाले तर ८९. माणसं दुप्पट केली की दर वेळी ३ डेसिबल वाढतात, एवढंच. आणि कानाला 'आवाज दुप्पट झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे एकाच्या जागी दहाजण! अकरा माणसं आणून मी आवाज अकरापट केला नव्हता, दुपटीच्या थोडा पुढं नेला होता. तेवढं काम मिक्सरवरची एक दांडी बोटभर वर सरकवून झालं असतं.

उघड्यावर दुसरा नियम चालतो. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी उतरतो. १० फुटांवर जे ऐकू येतं ते २० फुटांवर ६ नी कमी, ४० फुटांवर १२ नी कमी. मागच्या रांगेला ऐकू यावं म्हणून स्टेजवर माणसं वाढवायला लागलात, तर पुढच्या रांगेचे कान फाटतील आणि मागच्यांना फरक कळणार नाही. मागच्या लोकांसाठी हॉलच्या मध्यावर दोन छोटे स्पीकर लावणं हा खरा उपाय. चांगला साऊंडवाला त्या स्पीकरना मुद्दाम किंचित उशीर देतो, कारण हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि ५० फूट जायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो. उशीर दिला नाही तर एकच शब्द दोनदा आल्यासारखा वाटतो. तुमच्याकडचा माणूस 'डिले लावतो काय?' या प्रश्नावर काय म्हणतो ते ऐका, त्याची पारख होऊन जाईल.

आता पाहुण्यांच्या आकड्याचं. तो महत्त्वाचा आहे, पण उलट्या दिशेनं. माणसं आवाज पितात. फरशी, भिंत, पत्रा, काच आवाज जसाच्या तसा परत फेकतात. कपडे आणि शरीरं तो गिळतात. १०० फूट लांब, ६० फूट रुंद, २० फूट उंच असं नुसत्या सिमेंटचं कार्यालय घ्या. कागदावर हिशेब केला तर रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी विरायला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. उघड्या दारं-खिडक्यांमुळं प्रत्यक्षात कमी, पण घुमारा राहतोच. त्याच हॉलमध्ये ५०० माणसं बसवा. तीच टाळी दोनेक सेकंदांत संपते. म्हणून भरल्या हॉलमध्ये मोठा संच एक वेळ खपतो. पण अक्षता पडल्या, बहुतेक पाहुणे जेवायला खाली गेले, की वरच्या हॉलमध्ये शंभर माणसं उरतात आणि घुमारा परत येतो. संच तोच, गाणं तेच, आणि सगळा गलका. संध्याकाळी सातला रिकाम्या हॉलमध्ये केलेला साऊंडचेक रात्री नऊला खोटा का ठरतो, त्याचंही हेच कारण.

हॉल बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. लगेच विरली तर सातजणांचा विचार करा. 'टाळी... ळी... ळी' झालं तर चौघांच्या वर जाऊ नका, आणि मागच्या भिंतीला जाड पडदे लावायला मांडववाल्याला सांगा. रखवालदार तुमच्याकडं विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

आवाज वाढवायची सोय सगळ्यांकडं असते. कमी करायची सोय आहे का, हे कुणी विचारत नाही. ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), कीबोर्ड, बेस गिटार यांना कान पिळला की ती गप्प बसतात. ड्रमसेट, ट्रम्पेट, ताशा यांना कान नसतो. ड्रमसेट कितीही अलगद वाजवा, छोट्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवरचं बोलणं ऐकू येणार नाही. दोन माणसं हातभर अंतरावर सहज बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. मागचं संगीत ७० च्या वर गेलं की लोक ओरडून बोलायला लागतात. मग बँडवाला आवाज वाढवतो, मग लोक आणखी ओरडतात. पंगतीत 'भाजी वाढा' सांगायला खुणा कराव्या लागल्या, तर संच मोठा झाला असं खुशाल समजा.

माईकचंही एक गणित आहे. सहाजणांच्या संचाला नऊ-दहा माईक आणि लाईनी लागतात: गायक दोन, कीबोर्डच्या दोन, ऑक्टोपॅडच्या दोन, ढोलकीच्या दोन्ही तोंडांना एकेक, गिटारची एक. खरा ड्रमसेट आला की त्याला एकट्यालाच सात-आठ. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी वाजायच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनी घटतो. म्हणजे माणसं जास्त असूनही गायकाचा आवाज वर काढता येत नाही, काढला की कुईंऽऽ. लग्नाच्या व्हिडिओत नवरीकडचे सगळे एकदम कानावर हात ठेवतात ना, तो क्षण.

मग माणसं वाढवायची कशासाठी? रंगासाठी आणि ठेक्यासाठी. मोठ्या आवाजासाठी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली संगीत रंगभूमीचा पाया घातला. त्या परंपरेतल्या नाटकांना साथ किती असायची? पेटी किंवा ऑर्गन, तबला, सारंगी. माईक नसताना तेवढ्यावर नाट्यगृहं भरली, कारण वाद्यं गायकाच्या वाटेत येत नव्हती.

तिघांपासून सुरुवात करू. एक गायक, एक कीबोर्ड, एक ढोलकी किंवा तबला. सकाळच्या लग्नाला, पाहुणे येताना आणि पंगतीला हा संच उत्तम. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस सांभाळतो, उजवा सूर. मंगलाष्टकं म्हणायला वेगळी मंडळी असतील तर यांना त्या वेळी गप्प बसवा. आपल्या जुन्या मंगलाष्टकातच वाजंत्र्यांनी फार गलबला करू नये असं बजावलेलं आहे. आपण ते शतकानुशतकं म्हणतो आणि त्याच वेळी मागं ताशाची दोरी ताणत असतो.

चौथा माणूस म्हणजे दुसरा गायक. गायिका असेल तर गायक, गायक असेल तर गायिका. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथं. द्वंद्वगीतं मोकळी होतात, एकाचा गळा विश्रांती घेतो, आणि चार तासांचा कार्यक्रम कंटाळवाणा होत नाही. तीनवरून चारवर जायला मी कधीच नको म्हणत नाही.

पाचवा ऑक्टोपॅडवाला. ढोलकी आणि ऑक्टोपॅड दोघं मिळून कुठलाही ठेका उभा करतात, आणि हवा तेव्हा तो दाबताही येतो. रिसेप्शनला नाच होणार असेल तर पाच ही कमीत कमी संख्या. सहावा बेस गिटारवाला, पण नाचणारे असतील तरच. बसून ऐकणाऱ्यांना तो असल्याचं कळत नाही, नाचणाऱ्यांना तो नसल्याचं पायांतून कळतं. सातवा लीड गिटार किंवा बासरी. नाच असेल तर गिटार, ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर बासरी. मी बासरीच घेईन, पण तो माझ्या वयाचा दोष धरा. सातच्या पुढं ड्रमसेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कोंगो. त्याला मोठं लॉन, मोकळं आकाश आणि रात्रीची वेळ लागते. एवढं सगळं जुळलं, तर दहा-अकराजणांच्या संचासारखी मजा दुसऱ्या कशात नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

एक गोष्ट स्पष्ट विचारा: यातलं खरं किती वाजणार? स्टेजवर आठजण उभे, आणि लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, दोघेच वाजवतायत, असं सर्रास चालतं. ट्रॅक वापरणं पाप नाही. तिघांच्या संचानं ट्रॅक घेतला तर आठांसारखं ऐकू येतं, आणि ते स्वस्तही पडतं. पण मग पैसे तिघांचेच द्यायचे. ट्रॅकचा तोटा असा की तो नवरदेवासाठी थांबत नाही. नवरा-नवरी जिन्यात फोटोसाठी अडकले, तर जिवंत ढोलकीवाला आणखी आठ आवर्तनं फिरवत राहतो. ट्रॅक संपून जातो आणि जोडी शांततेत आत येते.

आपल्या भागात संख्येपेक्षा एक गोष्ट जास्त कामाची ठरते, ती म्हणजे भाषा. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथल्या लग्नात एका रांगेत चंदगडचे मामा, दुसऱ्या रांगेत धारवाडचे व्याही, तिसरीत गोव्याची आत्या. मराठी भावगीत, हिंदी, कन्नड आणि एखादं कोकणी गाणं म्हणू शकणारी एक गायिका मला दोन जादा वादकांपेक्षा महत्त्वाची वाटते. कन्नड नट-गायक राजकुमार यांचं जुनं गाणं सुरू झालं की हुबळीकडचे ताठ बसलेले पाहुणे खुर्चीत पुढं सरकतात. तेव्हा निवेदकही दोन भाषांत बोलणारा घ्या. गाणाराच निवेदन करत असेल तर एक माणूस वाचला.

स्टेजचं माप विसरू नका. एका वादकाला साधारण ५ फूट बाय ५ फूट जागा लागते, ड्रमसेटला ८ बाय ८. नवरा-नवरीचा कोच, फुलांची कमान आणि फोटोवाल्याचे दिवे यांतून उरलेली जागा मोजा. बहुतेक कार्यालयांत कोपऱ्यात १० बाय १२ उरते, म्हणजे चौघे, फार तर पाच. बाकीच्यांना स्टेजखाली बसवलं तर एकमेकांचे इशारे दिसत नाहीत आणि गाण्याचा शेवट तीन वेगवेगळ्या वेळी होतो.

वरातीत हे सगळं उलटं होतं. तिथं छत नाही, घुमारा नाही, प्रत्येक पावलाला आवाज पातळ होत जातो. ब्रास बँड हे मुळात लष्करी संचलनाचं अपत्य. कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचा बँड ऐकत वाढलेल्या बेळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. उघड्यावर, चालता चालता, विजेविना वाजवण्यासाठीच तो घडला. म्हणून इथं माणसं वाढवण्याला अर्थ आहे, पण ती कोणती वाढतायत ते बघा. पंधराजणांत नऊ ढोल-ताशे असतील तर मागच्यांना नुसता ठोका ऐकू येईल. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, युफोनियम मिळून निम्मे तरी सूर वाजवणारे असावेत. खडे बाजारासारख्या दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या रस्त्यावर अकराजण पुरतात, भिंती आवाज धरून ठेवतात. येळ्ळूरच्या वाटेवर शेतांमधून जायचं असेल तर एकवीसही हवेत विरून जातात.

बेंजोवाल्यांना संख्या विचारूच नका. गाडीवर जनरेटर, मिक्सर आणि स्पीकर, सोबत चार-पाच पोरं. आवाज माणसांचा नसून गाडीचा असतो. तिथं 'किती जण?' ऐवजी 'किती बॉक्स?' असं विचारायचं आणि उत्तराच्या निम्मे सांगायचे. आणि अगदी छोटी वरात असेल, गल्लीतून देवळापर्यंत, तर हलगी, घुमकं (ढोलासारखं वाद्य), कैताळ (झांज) असे तिघे आणा. कुस्तीचं मैदान जागं करणारी ही जोडणी गल्ली सहज भरते. गोकाक-सौंदत्तीकडचे व्याही असतील तर त्यांच्याकडून करडी मजल या उत्तर कर्नाटकातल्या ढोल-सनईच्या वादनाचा ताफाही येईल. तो आला तर तुमचा ब्रास बँड पाच-सहाजणांनी कमी करा, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.

कायद्याकडं जाताजाता बघू. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे आहेत आणि ते सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखे लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत चालतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. गच्चीवर किंवा लॉनवर मांडव घातला तर ती बंदिस्त जागा होत नाही, कापडाच्या भिंती पोलीस मोजत नाहीत. रात्री आठला सुरू होणाऱ्या लॉनवरच्या रिसेप्शनला तुमच्या हातात जेमतेम दोन तास असतात. दहाजणांच्या संचाचा साऊंडचेकच तासभर खातो.

मे महिन्यातलं लॉन असेल तर वळवाचा हिशेबही धरा. दुपारी चारला खानापूरकडून ढग उठले की पाचजणांचं सामान दहा मिनिटांत आत जातं. अकराजणांचं जात नाही. भिजलेल्या मिक्सरचे पैसे कोण देणार, हे इसार देतानाच बोलून घेतलेलं बरं. नंतर बोलताना दोघांचाही आवाज ७० च्या वर जातो.

पैशांचं म्हणाल, तर दर गावागावाला आणि तिथीतिथीला बदलतो, पण त्याची रचना सारखीच असते. साऊंड, गाडी आणि जनरेटर यांचा खर्च तिघांना आणि पाचांना जवळजवळ तेवढाच. सातच्या पुढं मात्र एका क्रूझरचं काम दोन गाड्यांवर जातं, मिक्सर मोठा लागतो, त्याला चालवणारा आणखी एक माणूस लागतो. त्यामुळं आठवा माणूस सातव्यापेक्षा खूप महाग पडतो. तेवढ्या पैशात गायकांना एक दिवस आधी बोलावून तुमच्या आवडीची चार गाणी बसवून घेता येतात.

ठरलं की कागदावर लिहून घ्या: माणसं किती, वाद्यं कोणती, मधली सुट्टी किती, किती वाजेपर्यंत, वेळ वाढली तर काय. आणि तो कागद आचाऱ्यालाही दाखवा. पाचजणांचा संच म्हणजे पाच ताटं नव्हेत. साऊंडवाला, त्याचा पोऱ्या, ड्रायव्हर आणि ड्रायव्हरबरोबर सहज आलेला त्याचा मेहुणा धरून नऊ. आणि ते शेवटच्या पंगतीला बसतात, म्हणून त्यांच्यापुरता कुंदा आधीच बाजूला काढून ठेवायला सांगा.